आभासी नव्हे, वीर

सर्व्हर रूममध्ये दिवसभर कानावर पडणारा शब्द म्हणजे 'व्हर्च्युअल'. मराठीत आपण त्याला 'आभासी' म्हणतो आणि मला ते दर वेळी खटकतं. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. व्हर्च्युअलचं मूळ मात्र लॅटिन 'विर', म्हणजे पुरुष. आपल्या 'वीर'चा चुलतभाऊच. त्यावरून 'विर्तुस' म्हणजे पौरुष, अंगचं सामर्थ्य. इंग्रजीत शब्द आला तो सामर्थ्याचा हा अर्थ घेऊनच. पुढे त्याचा अर्थ 'नावाने नसला तरी परिणामाने तोच' असा झाला. संगणकवाल्यांनी नेमका तो उचलला. १९७२मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० आणलं आणि एकाच मेनफ्रेमवर प्रत्येकाला जणू स्वतःचं यंत्र मिळालं.

आजही ६४ जीबीच्या सर्व्हरवर आम्ही ८ जीबीची १० यंत्रं बसवतो. बेरीज ८० होते, तरी निभतं. सगळी एकदम मागत नाहीत. ओढाताण झालीच, तर हायपरवायजर, म्हणजे ही यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम, एखाद्या यंत्रात 'बलून' फुगवतो आणि तिथे मोकळी झालेली मेमरी गरजवंताला देतो. इतकं खरं काम करणाऱ्याला आभासी कसं म्हणू? टीममध्ये तर व्हर्च्युअल मशीनला नुसतं 'व्हीएम' चालतं: "दोन व्हीएम उठव, तिसरीची रॅम वाढव."