खुडूक कोंबडी व तिचीं पिलें

ज्युबिलीच्या अंकांत मंदिरें, शाळा, दवाखाने व थोर पुरुष यांचा इतिहास देण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या घरांच्या आधारावर धर्मग्राम उभा असतो, त्या घरांच्या अंगणांत पिढ्यानुपिढ्या जें घडत आलें, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून या अंकासाठीं आम्हीं एक अगदीं साधा विषय निवडला आहे. घरांतील माउली कोनाड्यांत टोपली मांडते, तींत दहाबारा अंडीं ठेवते, त्यांवर खुडूक कोंबडी बसविते आणि तीन आठवडे धीर धरते. हा उद्योग लहान दिसतो खरा. पण त्याला हजारों वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांतून आज आम्हां पातूरकरांस कांहीं घेण्यासारखेंहि आहे.

कोंबडीचें मूळ रानांत आहे. घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा. थायलंड देशांतील बान नॉन वट या स्थळीं मिळालेलीं हाडें पाळीव कोंबडीचीं सर्वांत जुनीं निश्चित हाडें होत, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत म्हटलें आहे; त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० यांच्या दरम्यानचा. मनुष्यानें भाताची व भरड धान्याची शेती आरंभिली, तेव्हां सांडलेल्या दाण्यांच्या लोभानें हा पक्षी झाडावरून उतरून वस्तीजवळ आला, असें विद्वानांचें मत आहे. या वंशावळींत आमच्या देशाचाहि वांटा आहे. कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्यापासून आला, असें २००८ सालच्या एका संशोधनानें दाखविलें. आणि हा करडा रानकोंबडा हिंदुस्थानाखेरीज अन्यत्र रानांत आढळत नाहीं. आमच्या वऱ्हाडांतील मेळघाटचें जंगल हें त्याच्या घरांपैकीं एक होय.

रानांतील कोंबडी थोडींच अंडीं घालते, मग घालणें थांबविते आणि बसते. हीच वृत्ति गांवठी कोंबडींत उतरली आहे. अंडीं घालण्याचा क्रम पुरा झाला कीं तिचा नूर पालटतो. ती खुराड्यांतून उठत नाहीं, हात लावूं गेल्यास पिसें फुलविते, कुरकुरते व टोचते. आपल्या आयाबाया म्हणतात, "कोंबडी खुडूक झाली." शास्त्रज्ञ सांगतात कीं, मेंदूच्या खालच्या ग्रंथींतून निघणारा प्रोलॅक्टिन नांवाचा रस तिच्या रक्तांत वाढतो, त्याचा हा परिणाम. विशेष हें कीं, मनुष्यमातेच्या उरीं दूध उत्पन्न करणारा रसहि तोच. कोंबडीस दूध नाहीं. पण तिच्या छातीखालचीं पिसें झडतात, उघडी ऊन कातडी अंड्यांस लागते, आणि दूध नसलेली ही आई आपल्या देहाची ऊब पिलांस देते. दिवसांतून एकदां ती थोडा वेळ दाणापाण्यास उठते. दिवसांतून अनेकदां चोंचीनें अंडीं परतते, म्हणजे आंतील जीव कवचास चिकटत नाहीं. यंत्रांत जी उष्णता सुमारें साडेसदतीस अंशांवर काळजीपूर्वक राखावी लागते, ती ही निरक्षर माउली केवळ अंगाच्या हालचालीनें सांभाळते. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलूं आंतून कवचास टोंच मारतें. त्याआधींच तें आंतून चिंवचिंवूं लागतें आणि कोंबडी त्यास हळूच उत्तर देते. जन्मापूर्वींच त्यांची ओळख झालेली असते.

ही विद्या रोमन लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रंथांत लिहून ठेविली. कोलुमेल्ला व प्लिनी हे दोघेहि ख्रिस्ती शतकाच्या आरंभींचे लेखक. कोंबडीखालीं अंडीं विषम संख्येचीं ठेवावीं, असें कोलुमेल्ला सांगतो. मेघगर्जनेनें अंडीं बिघडूं नयेत म्हणून गवताखालीं लोखंडी खिळा ठेवावा, असें प्लिनी लिहितो. चौथ्या दिवसापासून अंडें उजेडाकडे धरून आंत जीव धरला कीं नाहीं तें पाहावें, हेंहि त्यांनीं सांगितलें आहे. आपल्याकडेहि ज्या घरांत अंडीं विषमच बसवितात व टोपलींत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवितात, तेथील म्हाताऱ्या बायांनीं रोमचें नांवहि ऐकलेलें नसेल! गडगडाटाविषयींची समजूत शास्त्रास धरून नाहीं. परंतु उजेडाकडे धरून पाहाण्याची रीत मात्र आजहि तितकीच उपयोगी आहे.

आणि आम्हां ख्रिस्ती जनांस तर या पक्ष्याविषयीं विशेष आदर वाटावयास पाहिजे. प्रभु येशूनें येरुशलेम नगरीविषयीं शोक केला, तेव्हां आपल्या ममतेस त्यानें सिंहाची किंवा गरुडाची उपमा दिली नाहीं. पिलांस पंखांखालीं घेऊं पाहाणाऱ्या कोंबडीची दिली. संत मात्थय व संत लूक या दोघांच्याहि शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. हिप्पोचे बिशप संत ऑगस्तीन यांनीं संत योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचनें करितांना या उपमेचा मोठा मार्मिक अर्थ लाविला. इतर पक्षिणी पिलांजवळ नसल्यास त्या आई आहेत हें कळत नाहीं. कोंबडी मात्र पिलांसाठीं इतकी क्षीण होते, तिचा आवाज इतका बसतो व पिसें इतकीं विसकटतात कीं, पिलें दिसलीं नाहींत तरी ती आई आहे हें ओळखूं येतें. त्याचप्रमाणें प्रभूनेंहि आम्हांसाठीं दुर्बलता पत्करली, असा त्या विवेचनाचा आशय आहे. जैतून डोंगरावर जेथें प्रभूनें अश्रु ढाळले असें मानतात, तेथें वास्तुशिल्पी बार्लुत्सी यांनीं बांधिलेलें मंदिर १९५५ सालीं पुरें झालें. त्याच्या वेदीच्या दर्शनी भागावर पंखांखालीं पिलें घेतलेल्या कोंबडीचें रंगीत खड्यांचें चित्र आहे. त्याच १९५५ सालीं नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, हा योग आमच्या वाचकांनीं ध्यानीं ठेवण्यासारखा आहे.

आतां कोंबडीवांचून अंडीं उबविण्याचा इतिहास पाहूं. मिसर देशांत अंडीं शेणखतांत पुरून उबवितात, असें ॲरिस्टॉटल लिहून गेला. पुढें त्याच देशांत कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. त्यांत मंद विस्तव ठेवून एका वेळीं हजारों अंडीं उबवीत, आणि अंडें डोळ्याच्या पापणीस लावून उष्णतेचा अजमास घेत. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनीं तिचा अभ्यास करून १७४९ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला व उष्णतामापक यंत्राची जोड तीस दिली. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पेटालुमा येथें १८७९ च्या सुमारास लायमन बाइस यांनीं उबवणीचें यंत्र प्रचारांत आणिलें, आणि तें गांव अंड्यांसाठीं जगप्रसिद्ध झालें. निसर्गाच्या एका सोयीनें या व्यापारास मोठेंच साहाय्य केलें. जन्मतेवेळीं पिलाच्या पोटांत बलकाचा शेष असतो व त्यावर तें दोन दिवस दाणापाण्यावांचून तग धरतें. ही सोय ईश्वरानें केली ती मागाहून फुटणाऱ्या अंड्यांसाठीं आईस बसून राहातां यावें म्हणून. मनुष्यानें तिचा उपयोग एक दिवसाचीं पिलें पेटींत घालून दूरच्या गांवीं धाडण्यासाठीं केला.

यंत्र आलें तसें कोंबडीचें खुडूक होणें हा दोष ठरला. इटलींतील लिव्होर्नो बंदराच्या नांवानें ओळखली जाणारी लेगहॉर्न जात निवडीनें अशी घडविण्यांत आली कीं, ती अंडीं घालीत राहाते, बसत मात्र नाहीं. हिंदुस्थानांत विदेशी कोंबड्या खेड्यांपर्यंत नेण्याच्या कामीं मिशनांचा हात होता. संयुक्त प्रांतांतील एटा येथील प्रेस्बिटेरियन मिशनचें कार्य त्यांत प्रसिद्ध आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत सरकारनें मुंबई, बंगलोर, दिल्ली इत्यादि ठिकाणीं कुक्कुटपालनाचीं प्रादेशिक केंद्रें काढिलीं. १९७१ सालीं पुण्यास वेंकटेश्वर हॅचरीज ही संस्था निघाली व हा धंदा मोठ्या उद्योगाच्या पदवीस पोंचला. खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद व नागपूर येथें राज्य सरकारचीं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रें झालीं. गिरिराज, वनराज अशा परसांत पाळण्याजोग्या संकरित जाती निघाल्या. स्वस्त अंडें हें गरिबाच्या मुलाचें बळ होय. तेव्हां या प्रगतीची निंदा करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

परंतु या प्रगतीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. गांवठी कोंबडी वर्षांतून पन्नाससाठ अंडीं देते आणि लेगहॉर्न तीनशेंच्या घरांत, एवढाच हिशेब ऐकून पुष्कळ घरांत खुडूक कोंबडीस आळशी समजूं लागले आहेत. कोणी तिला गार पाण्यांत बुडवितात, कोणी नाकांत पीस ओंवतात, कोणी मिळेल त्या भावानें व्यापाऱ्यास देऊन टाकतात. हा हिशेब अपुरा आहे. संकरित कोंबडी अंडीं अधिक देईल, पण ती सहसा बसत नाहीं. आणि तिचीं अंडीं दुसरीखालीं बसविलीं तरी तिचे गुण पुढच्या पिढींत जसेच्या तसे उतरत नाहींत. म्हणून दर खेपेस पिलें विकत आणावीं लागतात. ज्या घरीं दिवाळीनंतर कापूस विकला जाईपर्यंत हातीं रोकड नसते, त्या घरच्या बाईस हें कसें परवडावें? गांवठी कोंबडी तिच्याजवळ वीज, रॉकेल वा नगद कांहींच मागत नाहीं. सांडलेली ज्वारी, किडे व उष्टें यांवर ती स्वतः जगते व पिलांस जगण्यास शिकविते. दाणा सांपडला कीं हांक मारते, घार दिसली कीं इशारा देते, पावसांत पंख पसरते. शाळेची वही, आजाऱ्याचें औषध, पाहुण्याचें जेवण या गोष्टी कित्येक घरांत याच डालग्याखालून निघतात, आणि हा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहातो.

पातूर हें घाटाच्या पायथ्याशीं, अकोला-वाशीम रस्त्यावर वसलेलें गांव. येथील उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. अकोल्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत घरांत ठेविलेल्या अंड्यांत जीव अर्धवट वाढूं लागतो व मरतो, आणि मग लोक कोंबडीस दोष देतात. म्हणून अंडीं बसविण्याचा उत्तम काळ दिवाळीपासून माघापर्यंतचा. अंडीं आठ दिवसांच्या आंतील, स्वच्छ व मध्यम आकाराचीं घ्यावीं. बसवीपर्यंत माठाजवळ गारव्यास, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावीं. टोपलींत राख वा वाळू, त्यावर मऊ गवत घालावें, म्हणजे पिसवांचा त्रास कमी होतो. कोंबडी संध्याकाळीं अंधार पडल्यावर बसवावी. दहाबारांपेक्षां अधिक अंडीं देऊं नयेत. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत बत्तीपुढें धरून वांझ अंडीं काढून टाकावीं. दाणापाणी टोपलीजवळच असावें. पिलें निघाल्यावर पहिले दिवस तीं आईसह डालग्याखालीं ठेवून बारीक कण्या व उथळ भांड्यांत पाणी द्यावें.

एवढें करूनहि एका शत्रूपुढें आईचे पंख अपुरे पडतात. तो शत्रु म्हणजे मानमोडी, ज्यास राणीखेत रोग म्हणतात. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें तो प्रथम ओळखला गेला, आणि पुढच्याच वर्षीं हिमालयांतील राणीखेत येथें दिसल्यानें हिंदुस्थानांत त्या गांवाचें नांव त्यास चिकटलें. मान वळते, पंख लोंबतात, हिरवी हगवण लागते, आणि चार दिवसांत अंगण ओस पडतें. त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे. पांचव्या ते सातव्या दिवशीं लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत वा नाकांत, चौथ्या आठवड्यांत तोच पुन्हां, व आठव्या आठवड्यांत आर-टू-बी लशीची टोंचणी, असा तिचा क्रम आहे. लस महाग नाहीं, तरी गरिबाच्या अंगणांत ती पोंचत नाहीं. याचें कारण असें कीं, लशीची लहानांत लहान कुपीहि सामान्यतः शंभर पिलांची असते, ती बर्फांत आणावी लागते, आणि एकदां पाण्यांत मिसळली कीं दोनएक तासांत संपवावी लागते. बारा पिलांची धनीण शंभरांची कुपी कशी आणणार?

याचें उत्तर यंत्रांत नाहीं, शेजारधर्मांत आहे. एका आळींतील दहाबारा घरांनीं आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यांत बसविल्या, तर पिलेंहि एकाच आठवड्यांत निघतील. मग एकच कुपी सर्वांस पुरेल, आणि प्रत्येक घरास तिचा भार थोडाच पडेल. जिची कोंबडी दोन दिवस आधीं खुडूक झाली, तिनें तिला तोंवर खोट्या अंड्यावर बसवून ठेवावें. कोणाजवळ कोंबडी नसेल, तर शेजारणीनें आपल्या कोंबडीखालीं तिचीं चार अंडीं ठेवावीं. यांत ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान असा भेद करण्याचें कारण नाहीं. मानमोडी तो भेद करीत नाहीं. धर्मग्रामांतील महिलामंडळानें येत्या दिवाळीनंतर हें काम अंगावर घ्यावें, अशी आमची सर्व भगिनींस विनंति आहे. बर्फाची पेटी व कुपी आणण्याची जबाबदारी धर्मगुरुनिवास आनंदानें घेईल.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण मागील वर्षांबद्दल देवाचे आभार मानतों व पुढील वर्षांसाठीं कांहीं निश्चय करितों. आमचा निश्चय एवढाच असो कीं, या आळींतील एकाहि विधवेचें अंगण यापुढें रोगानें ओस पडूं नये, आणि जिची उपमा प्रभूनें आपल्या प्रेमास दिली, त्या पक्षिणीस ती अंडीं घालीत नाहीं एवढ्यासाठीं कोणीं बाजाराचा रस्ता दाखवूं नये.