पहिल्या सालची गाडी

नवें तें चांगलें असें मानणारा एक पक्ष व जुनें तें सोनें असें मानणारा दुसरा, असे दोन पक्ष बहुतेक घरांत नांदत असतात. एरव्हीं त्यांचा वाद भांड्याकुंड्यांवर व पोषाखावर निभावतो. परंतु घरांत मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे त्यास खरा रंग चढतो. गाडीचें नांव तेंच, कारखाना तोच, किंमतींतही फारसा फरक नाहीं; मात्र मध्यें एका वर्षीं तिचा घाट समूळ बदललेला. मग बदलापूर्वींची शेवटची गाडी घ्यावी, बदलानंतरची पहिली घ्यावी, कीं आणखी एक वर्ष थांबून दुसऱ्या सालची घ्यावी? प्रश्न दिसावयास लहान. परंतु ज्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक एका खरेदींत जावयाची असते, त्यास तो लहान वाटत नाहीं. आम्ही इतिहासाचे अध्यापक; यंत्रशास्त्रांत आमची गति बेताचीच. तथापि हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच पुराव्याचा आहे, आणि पुरावा कसा तोलावा हें पाहणें आमच्या व्यवसायांत मोडतें. म्हणून अमेरिकेंतील एक जुनें प्रकरण वाचकांपुढें मांडतों.

दुसऱ्या महायुद्धामुळें फेब्रुवारी १९४२ मध्यें अमेरिकेंत खासगी मोटारींचें उत्पादन थांबलें. युद्ध संपल्यावर १९४६ पासून ज्या फोर्ड गाड्या विकल्या गेल्या त्या वस्तुतः १९४२ च्याच, थोड्या रंगरंगोटीनें पुन्हां उभ्या केलेल्या होत्या. त्यांच्या बुडाशीं आडवे कमानपट्टे होते. १९०८ च्या ‘मॉडेल टी’ पासून थोरल्या हेन्री फोर्डनें हा प्रकार चाळीस वर्षें सोडला नव्हता. सप्टेंबर १९४५ मध्यें त्याचा नातू, धाकटा हेन्री फोर्ड, कंपनीचा अध्यक्ष झाला, तेव्हां कारखान्याचा हिशेब इतका विस्कटलेला होता कीं महिन्यागणिक मोठा तोटा होत होता. नातवानें जनरल मोटर्सच्या परिवारांतून अर्नेस्ट ब्रीच यास आणिलें. ब्रीचचें मत स्पष्ट होतें: जुन्या गाडीस ठिगळें लावून चालावयाचें नाहीं, अगदीं नवी गाडी पाहिजे, आणि तीही लौकर. एरव्हीं ज्या कामास सुमारें तीन वर्षें लागावयाचीं तें दोन वर्षांच्या आंत उरकण्यांत आलें. एप्रिल १९४७ मध्यें आजोबा वारले; जून १९४८ मध्यें न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत ‘१९४९ ची फोर्ड’ लोकांस दाखविली गेली.

गाडी पाहून लोक खूष झाले, आणि त्यांत नवल नव्हतें. बाजूस फुगलेलीं चिखलपाखें नाहींशीं होऊन सारें अंग सलग झालें होतें. पुढच्या दोन चाकांस स्वतंत्र, गुंडाळी स्प्रिंगांचा आधार मिळाला होता. मागें आडव्या पट्ट्यांऐवजीं उभे पट्टे आले होते. १९३२ सालापासून चालत आलेलें आठ नळकांड्यांचें शंभर अश्वशक्तीचें इंजिन राहिलें. परंतु तापण्याची त्याची जुनी खोड मोडण्याचा प्रयत्न झाला होता. सारांश, बैठक सुखाची व चाल मऊ अशी ही कुटुंबाची गाडी होती. परंतु थोड्याच महिन्यांत मालकांच्या तक्रारी येऊं लागल्या. दारें खडखडत, अंग करकरे, पाऊस व धूळ फटींतून आंत शिरे. ज्या नव्या भागांचा गवगवा झाला होता त्यांपेक्षां अधिक दुखणें होतें तें त्या भागांच्या जोडणींत, म्हणजे घाईच्या जागीं.

१९५० ची गाडी दिसावयास जवळजवळ तीच होती. पुढें फोर्ड या अक्षरांच्या जागीं ढालीचें चिन्ह आलें आणि दाराची मूठ दाबून उघडण्याची झाली. वरवर पाहणाऱ्यास यापलीकडे फारसें दिसावयाचें नाहीं. परंतु आंतून सांगाडा व अंग यांस बळकटी दिलेली होती आणि फटी अधिक काळजीनें बुजविलेल्या होत्या. जाहिरातींत तर या सालीं पन्नास प्रकारें सुधारणा केल्याची घोषणा होती. या जाहिरातीची आम्हांस मोठी गंमत वाटते. पन्नास गुणांचें हें स्तोत्र उलटें वाचलें तर आदल्या वर्षींच्या उणिवांचा तो कबुलीजबाबच होय! १९५१ मध्यें पुन्हां तोंडवळा थोडा बदलला, आणि हवी असल्यास आपोआप बदलणारी गतिपेटीही मिळूं लागली. म्हणजे तिसरें साल सर्वांत निर्धोक असा नियमही सांगतां येत नाहीं. एक नवा भाग आला कीं तेवढ्यापुरतें तें पुन्हां पहिलेंच साल होय.

आतां पुराव्याकडे वळूं. १९४९ च्या सुमारें अकरा लक्ष गाड्या झाल्या आणि १९५० च्या सुमारें बारा लक्ष. यावरून दुसऱ्या सालीं लोकांचा विश्वास किंचित् वाढला, असें कोणी म्हणेल; परंतु ‘१९४९’ हें साल जून १९४८ पासून पुढल्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत चाललेलें, जवळजवळ सतरा महिन्यांचें होतें. आंकडे खरे असूनही तुलना खोटी ठरते ती अशी. दुसरी गोष्ट वयाची. यंत्राचे दोष बहुधा आरंभीं जास्त, मध्यें कमी व वार्धक्यांत पुन्हां जास्त असे येतात. तेव्हां एकाच दिवशीं दोन वर्षें वापरलेली एक व वर्षभर वापरलेली दुसरी, अशा दोन गाड्या समोरासमोर उभ्या केल्या तर त्यांचे गुणदोष नव्हे, त्यांचें वयच आपण मोजतों. पहिलीचें पहिलें वर्ष दुसरीच्या पहिल्या वर्षाशींच ताडून पाहिलें पाहिजे. तिसरी गोष्ट साक्षीदारांची. ज्याची गाडी बिनबोभाट चालते तो गप्प असतो. ज्याची रस्त्यांत अडते तो चार ठिकाणीं सांगतो. अमेरिकेंत १९३६ मध्यें स्थापन झालेल्या ग्राहकसंघानें पुढें आपल्या सभासदांस दरसाल प्रश्नपत्रिका पाठवून सालवार दुरुस्त्यांचीं कोष्टकें सिद्ध केलीं. त्यांचा मोठा गुण हा कीं तक्रार करणाऱ्याबरोबर न करणाऱ्यासही त्यांत विचारलें जातें.

हें सारें आम्ही पुस्तकांतून शिकलों असें नाहीं. आमच्या वडिलांनीं निवृत्त झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून आयुष्यांतली एकच नवी गाडी घेतली. तिचा घाट त्याच वर्षीं बदललेला होता. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पहिल्याच श्रावणांत पुढच्या कांचेखालून पाणी ठिबकूं लागलें, आणि आई पायांशीं जुना पंचा अंथरून बसूं लागली. वडिलांनीं एक वही घातली: तारीख, किलोमीटर, दोष, खर्च. प्रत्येक वेळीं विक्रेत्यास ते शाईच्या लेखणीनें पत्र लिहीत. पुढल्या वर्षीं शेजाऱ्यांनीं तीच गाडी घेतली. तींत पाण्याचा थेंब आला नाहीं. “मला घाई झाली,” एवढेंच वडील म्हणत; परंतु तें त्यांनीं इतक्या वेळां म्हटलें कीं घरांत तो विषय काढणें आम्हीं सोडून दिलें.

वडिलांच्या मागें ती वही आमच्या हातीं आली, आणि शेजाऱ्यांनींही आपले दुरुस्तीचे कागद कौतुकानें दाखविले. वयास वय लावून पाहतां दोन गाड्यांतला फरक आम्ही समजत होतों त्याच्या निम्माही उरला नाहीं. बॅटरी, पट्टा, ब्रेक हे खर्च दोहोंकडे सारखेच होते. शिवाय शेजाऱ्यांची गाडी छपराखालीं उभी राही, आमची उघड्यावर. पाण्याचा दोष मात्र खरा होता. तो आमच्या गाडींत होता व त्यांच्या गाडींत नव्हता. दोन गाड्यांवरून सिद्धांत बांधूं नये हें आम्ही विद्यार्थ्यांस नित्य सांगतों. परंतु एका माणसाच्या मनांतला सल काढावयास तेवढा पुरावा पुरला असता. तो काढावयास आम्हांस उशीर झाला.

आमच्याकडे याच्या उलट टोकाचेंही उदाहरण आहे. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर १९५० नंतरच्या दशकाअखेरीस आली व २०१४ पर्यंत बहुतांशीं त्याच अंगानें निघत राहिली. कुर्ल्याची फियाट, पुढें जिचें पद्मिनी झालें, तीही दशकानुदशकें फारशी बदलली नाहीं. त्यांचे दोष गांवोगांवच्या मिस्त्रींस तोंडपाठ होते, आणि याचसाठीं लोक त्यांस भरंवशाच्या म्हणत. परंतु दोष माहीत असणें व दोष नसणें यांत अंतर आहे. जेथें नवी गाडी कधीं निघतच नाहीं तेथें पहिल्या सालचा मनस्ताप नाहीं हें खरें. पण दुसऱ्या सालची सुधारणाही नाहीं.

तेव्हां आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही सांगूं: जपून वागावयाचें असेल तर एक वर्ष थांबा, आणि पहिल्या सालची जुनी गाडी घेण्याची वेळ आली तर नांवास न भितां तीच गाडी पावसांत उभी करून पाहा. मात्र थांबणाऱ्यानें स्वतःस फार शहाणें समजूं नये. १९५० ची फोर्ड सुधारली ती कारखान्यास स्वप्न पडून नव्हे. लक्षावधि कुटुंबांनीं आदल्या वर्षीं भिजून, खडखडाट ऐकून, तक्रारी केल्या म्हणून. दुसऱ्या सालच्या भरंवशाची किंमत पहिल्या सालच्या गिऱ्हाइकानें आधींच भरलेली असते. शेजाऱ्यांची गाडी कोरडी राहिली त्यांत आमच्या वडिलांच्या पत्रांचा वाटा किती, हें कोणत्याही कोष्टकांत सांपडावयाचें नाहीं. परंतु तो अगदींच नव्हता असें म्हणावयास आमची इतिहासबुद्धि तयार होत नाहीं. ती वही आम्ही जपून ठेविली आहे.