बंदुकीनंतरची दुर्बीण

रत्नागिरीच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी बंदुकीच्या जोरावर झाली. जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाचे मुलकी अधिकारी इथे नोकरीला होते. त्यांनी १८८० साली ह्यूमसाहेबांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी छापली. त्याच वर्षी निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरलाही त्यांच्या लेखणीचा मोठा हातभार आहे. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. अमेरिकेत एलियट कूज यांनी १८७४ मध्ये पक्षी अभ्यासणाऱ्यांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यातही पहिलं साधन दुनळी बंदूकच होतं.

हे वाचून लोक हळहळतात. मी हळहळत नाही, कारण माझा धंदा काचेचा. चष्मे, जुने कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करतो, त्यामुळे त्या साहेबांच्या हाती काय होतं हे मला ठाऊक आहे. पावसच्या एका घरातून माझ्याकडे तसली एक दुर्बीण आली होती: दोन पितळी नळ्या, वरून काळं चामडं, मध्ये फिरवायची चकती. नाटकघरात बायका डोळ्यांना लावत त्याच जातीची. वस्तू तिपटी-चौपटीने मोठी दिसते, पण दिसतो तो एवढासा तुकडा. पक्षी जरा हलला की गेला चौकटीबाहेर. काजूच्या फांदीतला वटवट्या असल्या यंत्रातून ओळखायचा तर डोळ्याला पाणी येईल. बंदूक सोपी होती, एवढंच.

काच सुधारायला वेळ लागला. पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये प्रिझम वापरून उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली, पण तिची चांगली दुर्बीण बाजारात आली ती १८९४ मध्ये, झाइसच्या कारखान्यातून. आता आठपट मोठं दिसू लागलं, तेही बऱ्यापैकी रुंद. मात्र काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो आणि प्रिझमच्या दुर्बिणीत अशी दहा पृष्ठं सहज असतात. म्हणजे तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गायब. यावर उपाय निघाला १९३५ मध्ये. झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवला. जुन्या दुर्बिणीच्या भिंगावर तिरका उजेड पाडून बघा. जांभळट-निळसर झाक दिसली तर ती त्यानंतरची. पांढराफेक प्रकाश परत आला तर समजा, नातवाला दाखवायला ठीक.

मधल्या काळात बंदूकही हळूहळू खाली आली. सलीम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्यांचं किहीमचं काम अधिक महत्त्वाचं वाटतं. तिथे ते सुगरणीच्या घरट्यांसमोर शिडीवर आडोसा करून बसले, नुसते बघत. त्यातून १९३१ मध्ये त्यांचा निबंध आला, आणि एकाच नराला अनेक माद्या कशा मिळतात हे कळलं. मेलेल्या सुगरणीच्या पोटात हे लिहिलेलं नसतं. शिकारीला लगाम घालणारा १९७२ चा वन्यजीव कायदा त्यानंतर पुष्कळ उशिरा आला.

रत्नागिरीत दुर्बिणी आल्या त्या दर्यामार्गे. बोटीवर काम करणारे, आखातात जाणारे लोक जपानी ७×५० घेऊन यायचे. किलोभर वजन, गळ्यात पट्टा रुततो, पण काळोखात काय दाखवते! ७ म्हणजे सातपट मोठं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये; ५० भागिले ७, म्हणजे सात मिलिमीटरचा प्रकाशझोत थेट डोळ्यात. रात्रीच्या राखणदारीला बसणारे आमचे बागायतदार तिच्यावर खूश होते, कारण रानडुक्कर दिवस मावळल्यावरच येतं. आता डुकरावर बार टाकायचा तर आधी वनखात्याची लेखी परवानगी हवी, आणि माझ्या मते तसंच असावं.

हल्ली दोन्ही जातींची गिऱ्हाइकं दुकानात येतात: आंब्याच्या बागेची राखण करणारे, आणि भाट्ये-काळबादेवीच्या वाळूवर थंडीत चिखले, तुतवार, कुरव मोजणारी पोरं. दोघांनाही ‘छोटी आणि पॉवरफुल’ हवी असते आणि दोघंही १०×२५ कडे बोट दाखवतात. खिशात मावते, दुपारी झकास दिसते. पण २५ भागिले १० म्हणजे अडीच मिलिमीटर. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पसरते आणि दुर्बीण तिला पुरेसा उजेड देत नाही. डुक्कर काळं, झुडूपही काळं. शिवाय दहापटीत हाताचा थरकापही दहापट. मी ८×३२ पुढे सरकवतो: झोत चार मिलिमीटरचा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. सरळ नळीची, छपरी प्रिझमची असेल तर फेज कोटिंग आहे का हे विचारा. ही सोय झाइसने १९८८ मध्ये काढली, तोवर त्या दुर्बिणींची प्रतिमा थोडी मऊच यायची. चष्मा लावणाऱ्याने आणखी एक पाहावं: भिंगापासून डोळा पंधरा मिलिमीटर तरी लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो का.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी केली आहे. अशा घरट्याखाली समुद्री सापांची हाडं सापडतात. ती गोळा करायला दुर्बीण लागत नाही, पण वर पिल्लू आहे की नाही हे झाडावर न चढता सांगायचं तर लागते.

दुर्बिणीचा इथला खरा शत्रू मात्र पावसाळा. चार महिने दमट हवा, वर खारं वारं. सप्टेंबरात लोक दुर्बिणी घेऊन येतात तेव्हा आतल्या भिंगावर बुरशीची जाळी पसरलेली असते. ती वेळेत पुसली नाही तर कोटिंगच खाते आणि मग माझाही इलाज चालत नाही. म्हणून मधल्या किमतीतली घ्यायची असेल तर चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारीच घ्या. आणि घरी चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांतले दाणे रंग बदलणारे असतील, तर रंग उतरला की तव्यावर गरम करून परत वापरता येतात.