बसमध्ये विसरलेले पाकीट

फाइल कशी उघडली यापेक्षा ती कशी मिटली, हे पाहणे मला नेहमीच अधिक उद्बोधक वाटत आले आहे. १९७८ साली लंडनच्या एका बसमध्ये अश्लील मजकुराचे पाकीट सापडले. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले ते सर पीटर हेमन यांच्यापर्यंत. हे गृहस्थ कॅनडातील ब्रिटनचे माजी उच्चायुक्त आणि ‘पीडोफाइल इन्फर्मेशन एक्स्चेंज’ या संघटनेचे सदस्य! खटला झाला नाही. समज देण्यात आली. १९८१ मध्ये जेफ्री डिकन्स या खासदाराने संसदीय विशेषाधिकार वापरून सभागृहात त्यांचे नाव घेतले.

ही संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली. लैंगिक संमतीची वयोमर्यादा रद्द करावी, ही तिची उघड मागणी. फौजदारी कायद्याचा फेरविचार करणाऱ्या समितीकडे तिने तसे निवेदनही रीतसर पाठविले होते. तिची खरी चलाखी भाषेत होती. प्रौढ समलिंगी पुरुषांना १९६७ च्या कायद्याने मिळालेल्या मोकळिकीच्या आडोशाने ती ‘मुलांचे हक्क’ बोलू लागली, आणि नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने तिला संलग्नता दिली. शुल्क भरले की संलग्नता, असा नियम होता म्हणे! अर्जदार एक आणि ज्याच्या नावाने मागणे तो दुसराच, असे अर्ज मीही पुष्कळ वाचले आहेत. येथे तो दुसरा म्हणजे बोलू न शकणारे मूल होते.

ऱ्हास मात्र झपाट्याने झाला. वृत्तपत्रांनी पाठपुरावा केला, १९७८ मध्ये बालकांच्या अश्लील छायाचित्रांविरुद्ध कायदा आला. १९८१ मध्ये माजी अध्यक्ष टॉम ओ'कॅरल यांना सार्वजनिक नीतिमत्ता भ्रष्ट करण्याच्या कटाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि १९८४ मध्ये संघटना विसर्जित झाली. परिषदेच्या माजी सरचिटणीस पॅट्रिशिया ह्युइट यांची माफी यायला २०१४ उजाडले. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मार्टाइन’ ही तशीच संघटना बरखास्त केली.

डिकन्स यांनी गृहखात्याला दिलेली कागदपत्रे पुढे मिळालीच नाहीत. २०१३ च्या अंतर्गत तपासणीत संबंधित असू शकतील अशा ११४ फायली गहाळ, नष्ट वा न सापडणाऱ्या निघाल्या. २०१४ मध्ये वॉनलेस व व्हिटम यांनी पुनरावलोकन केले. फायली मुद्दाम हलविल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, पण तसे झालेच नाही असेही त्यांना म्हणता आले नाही. कोणती फाइल कोणाच्या आदेशाने नष्ट झाली, याची नोंदच धड ठेवलेली नव्हती.