चौक कुणाच्या लग्नाचा?

बोईसर-तारापूर परिसरातल्या आम्ही बचत गटातल्या बाया. आमच्या गटात वारली आहेत, कुणबी आहेत, भंडारी आहेत आणि एमआयडीसीत नोकरीसाठी बाहेरून येऊन इथल्याच झालेल्याही आहेत. आज आपण सणांबद्दल आणि महोत्सवांबद्दल बोलू. पण त्याआधी एक प्रसंग सांगतो.

ऑगस्टमध्ये एका महोत्सवात आम्हाला स्टॉल मिळाला होता. भरवणाऱ्यांनी तीन गोष्टी मागितल्या. शेवळाची भाजी, तारपा नाच आणि स्टेजच्या मागच्या पडद्यावर वारली लग्नाचा चौक. आम्ही उत्साहाने हो म्हणालो आणि पाड्यावरच्या धवलेरी आजींकडे गेलो. आजी हसल्या. म्हणाल्या, "शेवळं जूनमधेच सरली. तारप्याला अजून भात पिकलं नाही. आणि चौक कुणाच्या लग्नाचा? नवरा-नवरी कोण?"

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो.

आधी रानाचं वेळापत्रक बघू. पहिला पाऊस पडला की जमिनीतून शेवळं वर येतात. ती घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं घालतात, आणि ही काकडाची फळं नेमकी त्याच दिवसांत तयार असतात. मग टाकळा, कुर्डू, कंटोली, बांबूचे कोवळे कोंब येतात. भात पिकलं की तारपा बाहेर निघतो. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, असं ते वाद्य असतं. वाजवणारा मधे आणि बाया-बाप्ये एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती नाचतात. फाल्गुनापासून पुढे जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा रंगतो. देवादिकांचे मुखवटे घालून रात्र रात्र सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. चैत्री पौर्णिमेला डहाणू तालुक्यात विवळवेढे इथे महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. तिथे दर्शन होतंच, शिवाय पावसाळ्याची सुकी मासळी, मसाले, सुपं-टोपल्या अशी बेगमीही होते. शेतीला उसंत असते त्या दिवसांत लग्नं होतात.

म्हणजे हे सण कामाच्या आणि पोटाच्या वेळापत्रकातून उगवलेले आहेत. कॅलेंडरवर मोकळा रविवार बघून ते ठरलेले नाहीत.

आता चौकाकडे येऊ. वारली बायका चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवाशिणी चौक लिहितात. मधे पालघट देवी. ती झाडापानांची, पिकापाण्याची, सर्जनाची देवी. शेजारी पाच शिरांचा पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावणारी असते धवलेरी, म्हणजे एक बाई. ती गाते आणि तिच्या गाण्यांनी विधी पुढे सरकतो. लिहिणाऱ्या बाया आणि लग्न लावणारीही बाई. आम्ही बी.ए.ला इतिहास शिकलो, पण ही गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती.

मग ही चित्रं भिंतीवरून कागदावर कशी आली? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी डहाणू भागात आले आणि त्यांनी लोकांना कागद नि रंग दिले. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा म्हशे पुढे आले. लग्न नसतानाही ते रोज चित्र काढत, शेत, मासेमारी, मुंग्या, झाडं, जे दिसेल ते. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला.

म्हशेंचं मोठेपण आम्ही मानतो. त्यांच्यामुळे अनेक घरांत चित्राचा पैसा आला. पण एक गोष्ट त्यात मागे पडली. भिंतीवर लिहिणारे हात बायकांचे होते. कागद आला, बाजार आला, तसे पुरुष पुढे आले. धवलेरी आणि सवाशिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आज साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर चौक दिसतो, तेव्हा तो मुळात एका बाईने दुसऱ्या बाईच्या लग्नासाठी लिहिलेला असायचा, हे कुणाला आठवत नाही.

मैत्रिणींनो, याच चौकासमोर लागलेल्या लग्नाची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. तिचं नाव लग्नगडी. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडायला त्याच्याकडे राबायचा. एकटा नाही, नवी नवरीसुद्धा राबायची. हिशेब धन्याच्या वहीत आणि वाचता येणारा धनीच, म्हणून कर्ज फिटायचं नाही. हळद उतरायच्या आत नवरी गुलाम व्हायची.

हे मोडलं ते १९४५ साली. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली गेले होते. मग २३ मे रोजी तलासरीजवळ झरी गावात त्यांची स्वतःची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगार नाकारली आणि लग्नगडी सोडवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा आला १९७६ साली. म्हणजे ज्या वर्षी वारली चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी.

आमच्या गटातल्या एकीच्या घरात आजे-सासरे लग्नगडी होते. गटाच्या कर्जाच्या रजिस्टरात 'कारण' असा रकाना असतो. त्यात बियाणं, शाळेची फी, औषधपाणी आणि लग्न असं लिहिलेलं असतं. ही बाई रजिस्टर उघडून म्हणाली, "आमच्या आजेसासूला हा कागद वाचता आला असता तर?" त्या दिवशी आम्ही ठरवलं की लग्नाचं कर्ज कुणीही घेवो, हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि वही आपल्याच हाताची असते.

मग महोत्सवाचं काय झालं? आम्ही आजींचं ऐकलं. भरवणारे थोडे नाराज झाले, आणि आमच्यातल्या दोघींनाही वाटलं की पैसे गेले. शेवळांऐवजी कंटोली नि कुर्डू मांडली, ती दुपारपर्यंत संपली. तारप्याचा नाच दिवाळीनंतरच्या मेळाव्यासाठी ठेवला. आजींनी पडद्यावर शेत, ताडाची झाडं आणि लावणी करणाऱ्या बाया लिहिल्या. चौक लिहिला नाही. खाली त्यांचं नाव घालूया म्हटलं, तर म्हणाल्या, "सगळ्यांची घाला." म्हणून काडी हातात धरलेल्या सहाही जणींची नावं खाली आली.

पुढच्या वैशाखात आमच्या एका सभासदाच्या लेकीचं लग्न आहे. आजींना आतापासूनच सांगून ठेवलंय. त्या लिहितील आणि आम्ही शेजारी बसून शिकणार आहोत. तुमच्या पाड्यावर अशी कुणी धवलेरी असेल, तर यंदाच्या लग्नसराईआधी तिच्याजवळ जाऊन बसा. आणि तिचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा.