अवजारं आणि माणूस

माणूस म्हणजे अवजारं बनवणारा प्राणी, अशी व्याख्या एके काळी शास्त्रज्ञांनाही मान्य होती. १९६० साली आजच्या टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी एक चिंपांझी पाहिला. वारुळात काडी खुपसायची, चिकटलेली वाळवी ओठांनी टिपायची! डहाळीला पानं असली तर तो ती आधी ओरबाडून काढी. म्हणजे अवजार बनवणंच की हो! त्यांना तिथे पाठवणारे लुई लीकी म्हणाले, आता व्याख्या बदला, नाहीतर चिंपांझीला माणसांत घ्या.

गंमत पुढेच आहे. १९६४ मध्ये याच लीकींनी सहकाऱ्यांसह ओल्डुवायच्या जीवाश्मांना ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे कुशल हातांचा माणूस, असं नाव दिलं. कवटी, दातही तपासले होते म्हणा, पण नाव पडलं हातांवरून. मला हे काही पटत नाही.