तळटीप : तीन दिवस व तीन रात्री

* मत्तय १२:४०. शुक्रवारी दुपारी वधस्तंभावर मृत्यू आणि रविवारी पहाटे रिकामी कबर, ही परंपरा धरली तर रात्री दोनच भरतात. म्हणून काही अभ्यासक वधस्तंभाचा दिवस बुधवार वा गुरुवार मानतात. योहान १९:३१ मधला ‘मोठा’ शब्बाथ हा शनिवारचा नसून सणाचा वेगळा शब्बाथ, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पण पुरते बहात्तर तास मोजायचे, तर ‘तिसऱ्या दिवशी’ हे वारंवार येणारे शब्द (मत्तय १६:२१, १ करिंथ १५:४) अडचणीत येतात. यहुदी गणनेत दिवसाचा अंशही पूर्ण दिवस धरला जाई. एस्तेर राणीचेच पाहा. तीन दिवस, रात्रंदिवस अन्नपाणी वर्ज्य करा, असे ती सांगते (४:१६), आणि तिसऱ्याच दिवशी राजवस्त्रे लेवून राजापुढे उभी राहते (५:१). तिने उपास अर्ध्यावर सोडला, असे ग्रंथकार कुठेही सुचवत नाही. मत्तयातले शब्दही याच रीतीने वाचावेत, असे आम्हाला वाटते. शुक्रवारच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष लूकची. गालीलाहून आलेल्या स्त्रिया तयारीच्या दिवशी कबर पाहतात, घरी जाऊन सुगंधी द्रव्ये सिद्ध करतात, शब्बाथ पाळतात आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी अगदी पहाटे कबरेशी येतात (२३:५४–२४:१). या क्रमात एकाच शब्बाथाला जागा आहे.